कागदावरची फौज, खोटे घोडे आणि बुडालेली दिल्ली : खुलताबादला दफन असलेल्या पहिल्या निजामाची गोष्ट

संरक्षण खरेदीतला घोटाळा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? १९४८ चं जीप प्रकरण. १९८७ ला गाजलेलं बोफोर्स. पैसे सरकारचे, माल भलताच, आणि मधला हिस्सा कुणाच्या तरी खिशात.

पण हा खेळ काही स्वातंत्र्यानंतर सुरू झालेला नाही. याच प्रकारच्या घोटाळ्यानं तीनशे वर्षांपूर्वी एक अख्खी बादशाही पोखरली होती. त्याविरुद्ध आवाज उठवणारा वजीर आज आपल्याच मराठवाड्यात दफन आहे.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना साधारण २५ किलोमीटरवर खुलताबाद लागतं. इथं येणारे बहुतेक जण औरंगजेबाची कबर विचारत येतात. ती झैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. पण रस्त्याच्या पलीकडे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे, तिथं फारसं कुणी वळत नाही. त्या आवारात मीर कमरुद्दीनची कबर आहे.

हा मीर कमरुद्दीन म्हणजेच निजाम-उल-मुल्क आसफजाह. हैदराबादच्या निजामशाहीचा मूळ पुरुष. आपल्याला तो माहीत असतो पालखेडला बाजीराव पेशव्यांकडून हरलेला निजाम म्हणून. पण त्याआधी तो दिल्लीत वजीर होता, आणि तिथं त्यानं जे करून बघितलं ते फारसं सांगितलं जात नाही.

छावणीत वाढलेला पोरगा

कमरुद्दीनचा जन्म १६७१ चा. घराणं मूळचं मध्य आशियातलं, म्हणजे तुराणी. आईकडून तो शहाजहानचा नावाजलेला वजीर सादुल्लाखान याचा नातू. आजोबा कुलीचखान आणि वडील गाझीउद्दीन फिरोजजंग, दोघंही औरंगजेबाचे मातब्बर सरदार.

औरंगजेब दख्खनमध्ये उतरला, तेव्हा हे कुटुंबही त्याच्यासोबत आलं. १६८५ ला विजापूरच्या वेढ्यात शहजादा आझमच्या छावणीत उपासमार सुरू झाली होती. तिथं रसद घेऊन पोचला तो फिरोजजंग. १६८७ ला गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यानं आजोबांचा हात गेला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत या पोरानं युद्ध काय असतं ते घरातच बघितलं होतं. आणि एक गोष्ट त्यानं नक्की बघितली असणार. गोवळकोंडा तोफांनी पडला नाही. आतला माणूस फोडून दरवाजा उघडून घेतला गेला, तेव्हा तो पडला. पुढे १६९९ ते १७०५ या काळात औरंगजेबानं महाराष्ट्रातले किल्ले घेत सुटायचं ठरवलं, तेव्हाही तोरण्यासारखा एखादा अपवाद सोडला तर बहुतेक ठिकाणी किल्लेदारांना पैसे मोजून ताबा मिळवला.

जगातली सगळ्यात मोठी म्हणवली जाणारी फौज, आणि किल्ले घ्यायला थैल्या उघडाव्या लागतायत. असं का होत होतं?

आधी हा घोटाळा समजून घेऊ

आजचं सरकार बंदुका, रणगाडे, विमानं स्वतः विकत घेतं. मुघलांचं तसं नव्हतं. तोफखाना सोडला तर घोडे, हत्यारं, माणसं गोळा करायचं काम सरदारांकडे सोपवलेलं असायचं. म्हणजे आजच्या भाषेत संपूर्ण लष्करी खरेदी कंत्राटावर.

या सरदाराला मनसबदार म्हणायचे. त्याला दोन आकडे मिळायचे. पहिला जात, म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा आणि पगार. दुसरा सवार, म्हणजे त्यानं किती घोडेस्वार पाळायचे. या खर्चासाठी त्याला जहागीर, म्हणजे ठराविक गावांचा महसूल लावून दिला जायचा.

आता यात चोरी कुठं होणार? उघड आहे. पैसे हजार स्वारांचे घ्यायचे आणि पाळायचे शंभर.

ही चोरी राज्यकर्त्यांना माहीत नव्हती असं नाही. खुलताबादच्या शेजारच्याच देवगिरीवर १२९६ ला चालून आलेला अल्लाउद्दीन खिलजी पुढे सुलतान झाल्यावर यावर उपाय काढून गेला होता. घोड्याला तापल्या लोखंडानं डाग द्यायचा आणि शिपायाचं वर्णन वहीत लिहून ठेवायचं. म्हणजे तोच घोडा दोनदा दाखवता येणार नाही आणि तोच माणूस दोन सरदारांच्या नावावर चढणार नाही. अकबरानं १५७० च्या दशकात हीच पद्धत पुन्हा लावली. घोड्याचा दाग आणि शिपायाचा चेहरा.

पण डाग आला तशी पळवाटही आली. अकबराच्या काळातलाच इतिहासकार बदायुनी लिहितो की अमीर लोक घरच्या नोकरचाकरांना शिपायाचे कपडे घालून तपासणीला उभे करायचे, जहागीर पदरात पडली की त्यांना घरी पाठवायचे, आणि पुढची तपासणी आली की पुन्हा भाड्यानं माणसं आणायचे.

मग शहाजहानच्या काळात सरकारनंच हात टेकले. जहागीर त्याच सुभ्यात असेल तर सवार आकड्याच्या एक तृतीयांश स्वार आणा, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश आणा, असा नियमच झाला. म्हणजे कागदावर १००० सवार असलेल्या सरदारानं ३३३ किंवा २५० घोडेस्वार आणले तरी तो नियमात बसायचा. जहागिरींचंही तसंच. कागदावर वर्षाचं उत्पन्न, हातात येणार आठ महिन्यांचं, कधी सहा, कधी चारच महिन्यांचं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. सगळे सरदार जन्मजात चोर होते असं नाही. कागदावरचा पैसाच खरा नव्हता, तर त्या पैशातून उभी राहणारी फौज खरी कुठून असणार?

औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत हे टोकाला गेलं. विजापूर, गोवळकोंड्याचे आणि मराठ्यांकडून फुटलेले सरदार सामावून घ्यायला शेकड्यानं मनसबी वाटल्या, पण त्यांना द्यायला जहागिरीच उरल्या नाहीत. मुघल लष्करातच हिशेबाची कामं केलेला बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना याची फारसी बखर प्रसिद्ध आहे, तारीख-ई-दिल्कशा. जहागिरीतून काही हाती लागत नाही म्हणून मनसबदारांनी फौज पाळणंच कसं सोडलं, हे त्यानं आतला माणूस म्हणून नोंदवून ठेवलंय.

मराठ्यांनी काय वेगळं केलं होतं?

याच काळात याच डोंगरांत दुसरी पद्धत उभी राहिली होती. शिवाजी महाराजांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार असायचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. महाराजांचा भर बारगिरांवर होता आणि पगार शक्यतो रोख देण्यावर होता. फौजेसाठी गावं तोडून द्यायला त्यांचा विरोध होता.

घोडा सरकारचा असला की तो पागेत आहे की नाही हे सरकारला रोज दिसतं. मधल्या कंत्राटदाराच्या वहीवर विसंबायची गरज पडत नाही. पुढं मराठ्यांमध्येही सरंजाम आले आणि हजेरीच्या वहीत तशीच गडबड सुरू झाली, हेही खरंच. पण मूळ विचार नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारा होता.

निजाम वजीर होतो

१७०७ ला अहमदनगरजवळच्या छावणीत औरंगजेब गेला आणि खुलताबादला दफन झाला. तेव्हा कमरुद्दीन, म्हणजे त्या वेळचा चिनकुलीचखान, विजापूरचा सुभेदार होता.

पुढच्या बारा वर्षांत दिल्लीचं तख्त म्हणजे संगीतखुर्ची झाली. नवा बादशाह आला की नव्या मनसबी, नवे किताब, नव्या जहागिरी. १७१३ ला फर्रुखसियरनं त्याला निजाम-उल-मुल्क हा किताब आणि दख्खनची सुभेदारी दिली, दोन वर्षांत काढूनही घेतली. दिल्लीत तेव्हा सय्यद बंधूंचं चालायचं. १७२० ला निजाम त्यांच्याविरुद्ध उभा राहिला, नर्मदा ओलांडून दख्खनमध्ये आला, असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं आणि बाळापूरजवळ त्यांच्या पुतण्याचा पराभव केला. त्याच वर्षी सय्यद बंधू संपले.

१७२२ ला मुहम्मदशाहनं त्याला वजीर केलं. वय पन्नास. औरंगजेबाच्या तालमीत तयार झालेला माणूस, आणि समोर विशीतला बादशाह.

निजामानं बादशाहासमोर सुधारणांची यादीच ठेवली. त्यातले मुद्दे साधारण असे होते.

एक, सरकारी खालसा जमिनीचा महसूल ठेक्यावर देणं बंद करा. ठेकेदार रयतेला पिळतो आणि खजिन्यात कमी भरतो.

दोन, पेशकश या नावाखाली नेमणुकांसाठी घेतली जाणारी लाच बंद करा. पद विकत घेतलेला माणूस ते पैसे कुठून तरी वसूल करणारच.

तीन, जहागिरी आणि मनसबी लायक माणसांना द्या, ज्यांच्याकडे खरोखर फौज आहे त्यांना. दरबारात वशिला असलेल्यांना नको.

याच यादीत जिझिया कर पुन्हा लावण्याचा प्रस्तावही होता. म्हणजे तो औरंगजेबाच्या काळातली शिस्त मागत होता, पण त्या काळातला भेदभावही सोबत मागत होता. त्याला आजच्या अर्थानं सुधारक म्हणायची घाई करू नये, ती यासाठी.

मग विरोध कुणी केला?

ज्यांचं पोट यावर चालत होतं त्या सगळ्यांनी.

पहिला खान दौरान. तो होता मीरबक्षी. मीरबक्षी म्हणजे मनसबी, घोड्यांची तपासणी, फौजेचा पगार या सगळ्या खात्याचा प्रमुख. म्हणजे ज्या खात्याची झाडाझडती घ्यायची, त्याच खात्याचा प्रमुख विरोधात.

दुसरी कोकीजीऊ. बादशाहाच्या अतिशय जवळची बाई, जिच्या हातात त्याची खासगी मोहोर असायची. नेमणुकीचे अर्ज तिच्यामार्फत जायचे आणि अर्जासोबत नजराणेही.

तिसरा रौशन-उद-दौला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या मंडळींनी तरुण बादशाहाच्या कानात भरलं की वजीर फार ताकदवान होतोय. दरबारात या जुन्या वळणाच्या म्हाताऱ्याची टिंगल सुरू झाली. निजामानं पाठवलेले कागद अडकून पडायला लागले.

निजाम स्वतः धुतल्या तांदळासारखा होता का? तर नाही. गुजरातचा सुभेदार हैदरकुलीखान, जो आधी बादशाही तोफखान्याचा प्रमुख होता, त्याच्याविरुद्ध इतरांच्या जहागिरीचं उत्पन्न परस्पर लाटल्याच्या तक्रारी होत्या. निजाम त्याच्यावर चालून गेला आणि त्याला हटवलं. पण गुजरातचा कारभार दिला कुणाला? स्वतःचा चुलता हमीदखान याला. भ्रष्टाचार साफ करायला निघालेल्या माणसानं सुभा घरातच ठेवला, म्हटल्यावर विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं.

१७२३ च्या शेवटी निजामानं ओळखलं की इथं काही होणार नाही. तब्येतीचं आणि शिकारीचं निमित्त सांगून तो दिल्लीबाहेर पडला आणि थेट दख्खनची वाट धरली.

दरबारानं हैदराबादच्या मुबारिजखानाला गुपचूप निरोप धाडला की याला अडव. ऑक्टोबर १७२४ ला आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला लढाई झाली. मुबारिजखान पडला, आणि दख्खन निजामाची झाली. बादशाहानं जे घडलं ते मान्य करून टाकलं आणि त्याला आसफजाह हा किताब दिला. हैदराबाद संस्थानाची सुरुवात इथून होते.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १७२८ ला पालखेडला बाजीरावांनी त्याला कोंडीत पकडलं आणि मुंगी-शेवगावचा तह झाला. अवजड तोफखाना मागे सोडून पाण्यावाचून अडकलेली फौज आणि हलक्या घोड्यांवरची फौज, हा सामना तिथं दिसला.

खरा हिशेब १७३९ ला झाला

आता रौशन-उद-दौलाकडे परत येऊ.

काबूल तेव्हा मुघलांचा सुभा होता. खैबरच्या वाटेचं रक्षण, तिथल्या फौजेचा पगार, टोळ्यांना द्यायच्या रकमा, यासाठी दिल्लीहून दरवर्षी पैसा जायचा. तो रौशन-उद-दौलाच्या हातून जायचा. १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला हिशेब तपासले गेले, तेव्हा यातला मोठा हिस्सा मधेच जिरल्याचं बाहेर आलं. त्याची मर्जी गेली, वसुलीही झाली. कोकीजीऊही दरबारातून उतरली. दहा वर्षांपूर्वी निजाम ज्यांच्याविरुद्ध बोलत होता, तेच हे लोक.

पण त्यानं काबूलची फौज उभी राहिली नाही. काबूलचा सुभेदार नासिरखान दिल्लीला कळवत राहिला की शिपायांचा पाच वर्षांचा पगार थकलाय, इराणचा नादिरशाह जवळ येतोय, निदान एक वर्षाचा तरी पगार धाडा. मीरबक्षी खान दौराननं ते हसण्यावारी नेलं. पैसे उकळायला बागुलबुवा दाखवतायत, अशी दरबाराची समजूत झाली.

विचार करा. दरबारात खोटे हिशेब इतके मुरले होते की खरा हिशेब आला, तरी तो खोटाच वाटला.

१७३८ ला नादिरशाहनं काबूल घेतलं. खैबरची वाट त्याला रोखू शकली नाही. फेब्रुवारी १७३९ ला तो दिल्लीच्या उत्तरेला कर्नालला येऊन ठेपला. समोर मुघलांची अवाढव्य छावणी होती, जड तोफा होत्या, हत्ती होते. नादिरशाहकडे चपळ घोडदळ होतं आणि उंटांवरून डागता येणाऱ्या हलक्या तोफा होत्या. काही तासांत निकाल लागला. खान दौरान प्राणांतिक जखमी झाला आणि त्यातच गेला.

निजाम तेव्हा दिल्लीच्या बोलावण्यावरून आलेला होता, आणि बादशाहाच्या शेजारी उभा राहून बघत होता. तो मदतीला का गेला नाही, हा आरोप त्याच्यावर तेव्हाही झाला आणि आजही होतो.

लढाईनंतर बोलणी करायला तोच गेला. ५० लाखांवर सौदा ठरला. २० लाख लगेच, मग लाहोर, अटक आणि काबूलला पोचल्यावर प्रत्येकी १० लाख, आणि नादिरशाहनं परत जायचं. दिल्ली वाचली होती!

पण खान दौरान गेल्यानं मीरबक्षीचं पद रिकामं झालं होतं. ते निजामाकडे आलं. अवधचा सादतखान या पदावर डोळा ठेवून होता, तो चिडला. त्यानं नादिरशाहला सांगितलं की ५० लाख म्हणजे काहीच नाही, दिल्लीत चला, २० कोटी मिळतील.

पुढचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च १७३९ ला दिल्लीत कत्तल झाली, मयूरासन गेलं, कोहिनूर गेला, कोट्यवधींची लूट गेली.

ज्या खात्यातल्या सडक्या कारभारावर निजामानं बोट ठेवलं होतं, ते खातं शेवटी त्याच्या हातात आलं. तेव्हा त्यात सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि दिल्ली लुटली गेली ती त्याच खात्याच्या खुर्चीसाठी झालेल्या भांडणातून.

शेवटची वर्षं

निजाम दख्खनला परतला, तर मुलगाच उलटलेला. नासिरजंगनं बंड केलं होतं. १७४१ ला औरंगाबादजवळ बापानं त्याला हरवलं, कैद केलं आणि पुढे माफही केलं.

१ जून १७४८ ला बुऱ्हाणपूरला निजामाचा मृत्यू झाला. वय ७६ वर्षं. मृत्यूपूर्वी मुलाला त्यानं जो उपदेश केला, त्यात मराठ्यांशी शक्यतो मिळतंजुळतं घ्यायला सांगितलं, फिरतं राहायला सांगितलं, आणि शिपायांचा पगार न थकवायला सांगितलं.

त्याला खुलताबादला आणून दफन केलं. दोनच वर्षांनी, १७५० ला नासिरजंगचा त्याच्याच पठाण नवाबांनी घात केला. त्याची कबरही बापाजवळच आहे.

मग निजामाला काय म्हणायचं?

हिरो म्हणायची गरज नाही. रोग त्यानं बरोबर ओळखला होता, तो भरदरबारात बोलूनही दाखवला. पण त्याच्यामागे ना कुठली स्वतंत्र यंत्रणा होती, ना हिशेब तपासणारं कुणी. तपासणाराही बादशाहाच्या मर्जीतला आणि चोरी करणाराही बादशाहाच्या मर्जीतला. मग तो निघून गेला आणि स्वतःचं राज्य वाचवलं. किंमत दिली दिल्लीच्या सामान्य माणसांनी आणि पाच वर्षं बिनपगारी खिंड राखणाऱ्या शिपायांनी.

आज आपल्याकडे कॅग आहे, संसदेची लोकलेखा समिती आहे, न्यायालयं आहेत. त्यांचे अहवाल आपल्याला कंटाळवाणे वाटतात. पण शांततेच्या काळात कुणीतरी वही उघडून घोडे मोजतंय, म्हणजे नेमकं काय होतंय, ते या गोष्टीतून कळतं. कारण न मोजलेले घोडे शेवटी शत्रूच मोजतो.

पुढच्या वेळी खुलताबादला गेलात, तर औरंगजेबाची कबर बघून झाल्यावर रस्ता ओलांडा. ज्यानं ही फौज कागदावर फुगवत नेली तो बादशाह एका बाजूला आहे. ती कागदावरचीच आहे हे ज्यानं सांगितलं, तो वजीर दुसऱ्या बाजूला. मध्ये फक्त एक रस्ता आहे.